पडवीतली खुर्ची
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीला चार पायऱ्या आहेत आणि त्यांतली वरून दुसरी पायरी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे आजोबा. घरात खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी! घरच्या माणसाने खुर्चीत बसावे, ही कल्पनाच आप्पांना मान्य नव्हती. गेल्या वर्षी त्यांना ७८ वे लागले. तेव्हा ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करून साठवलेल्या पैशांतून त्यांच्यासाठी एक खुर्ची घ्यायचीच, असे मी ठरवले.

खुर्ची घेण्यात काय मोठेसे? पण बाजारात गेलो आणि गोंधळून गेलो. प्लास्टिकची खुर्ची हलकी, पावसाला न भिणारी. परंतु उन्हात राहून राहून ती ठिसूळ होते आणि हातांवर भार देऊन उठू लागले की तिचे पाय फाकतात. वेताची खुर्ची दिसायला राजस, पण झड आत येणाऱ्या आमच्या पडवीत तिला बुरशी धरणार. लोखंडी खुर्ची खाऱ्या वाऱ्याने गंजणार. शेवटी नजर खिळली ती घडीच्या कापडी आरामखुर्चीवर. पाऊस आला की उचलून आत नेता येईल, असा हिशेब केला. दुकानात पाच मिनिटे तीत बसून पाहिले. डोळा लागायचाच काय तो बाकी राहिला.

आप्पा तीत बसले. ‘झकास आहे रे!’ म्हणाले. मी कृतार्थ होऊन कॉलेजला परतलो.

गणपतीत घरी आलो, तर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली आणि आप्पा आपले पायरीवर! मला राग आला. म्हाताऱ्या माणसांना सुख सोसत नाही, असे काहीबाही आईजवळ बोललोही. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली. बाहेर डोकावलो तो आप्पा त्याच खुर्चीत बसलेले. ते उठू पाहत होते. एकदा, दोनदा. कंबर खोलगट कापडात गुडघ्यांच्याही खाली गेलेली. अखेर ते कुशीवर वळले, गुडघे जमिनीला टेकले आणि खांब धरून उभे राहिले. मला पाहताच ओशाळून हसले.

‘बसायला उत्तम आहे रे. पण उठायचे म्हणजे कुणाला तरी हाक मारावी लागते. तेवढे मला जमत नाही.’

दुकानात मी बसून पाहिले होते. उठून पाहिलेच नव्हते! विशीतल्या गुडघ्यांना उठणे हे काम वाटतच नाही.

मग ग्रंथालयात शोध सुरू केला. भारतीयांच्या शरीराच्या मापांवर देबकुमार चक्रबर्ती यांचे एक इंग्रजी पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले आहे. त्यातले तक्ते चाळताना एक गोष्ट उमगली, की खुर्चीआधी माणूस मोजला पाहिजे. उठताना आपण पाय मागे घेतो, पुढे वाकतो आणि सारा भार तळपायांवर आणतो. बैठक जितकी खोल नि मागे कललेली, तितके हे अवघड.

दिवाळीत टेप घेऊन आप्पांसमोर बसलो. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत साडेसोळा इंच भरले. माळ्यावर जुन्या फणसाच्या फळ्या होत्या. सुतारमामांनी त्यांची खुर्ची केली. बैठक साडेसतरा इंचांवर, म्हणजे उठायला सोपी आणि तरीही पाय टेकतील अशी. पाणी निथळावे म्हणून पट्ट्यांमध्ये फटी. पाठ किंचित कललेली. पाय मागे घेता यावेत म्हणून बैठकीखाली पुढून मोकळे. आणि हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आणलेले, नीट रेटा देता यावा असे.

आप्पा बसले. मी श्वास रोखून त्यांच्या उठण्याची वाट पाहत राहिलो. दिवेलागण झाली. त्यांनी दोन्ही हात टेकले, पुढे वाकले आणि सरळ उठून देवघराकडे चालू लागले. खुर्चीबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत.

कापडी आरामखुर्ची आता माझ्याकडे आली आहे. सुट्टीत तीत पुस्तक घेऊन पडलो की आप्पा येताजाता थांबतात आणि विचारतात, ‘काय रे, उठता येईल ना? की देऊ हात?’