पाच मिनिटं कुणाची?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी आमच्या पिरंगुटच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. चांदणी चौकातून निघालेली माणसं भूगाव, भुकूम मागे टाकत मुळशी धरणाकडे, पुढे ताम्हिणी घाटाकडे जात असतात. आमचं घर रस्त्याला लागूनच. एखादी गाडी दारासमोर थांबते, काच खाली होते आणि कुणीतरी विचारतं, "ताई, अमुक रिसॉर्ट आलं का?" अजून बराच रस्ता आहे म्हटलं की मोबाईल पुढे येतो. "अहो, यांच्या वेबसाइटवर तर पुण्यापासून अर्धा तास लिहिलंय!" मी त्यांना रस्ता सांगते आणि घरात येऊन हसते. रविवारी अर्ध्या तासात भूगाव ओलांडलं तरी पुष्कळ झालं.

दोन वर्षांपूर्वी माझं हे हसणं बंद झालं. ती हकीकत सांगायची म्हणजे आधी माझं काम सांगायला हवं.

मुलं शाळेत गेली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि कंपन्यांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. सुरुवात इथल्याच एका छोट्या वर्कशॉपपासून झाली. त्यांच्या वेबसाइटवर मालकांचा फोटो होता, स्वागताच्या चार ओळी होत्या, पण गिऱ्हाईक काही फिरकत नव्हतं. मी मालकांना विचारलं, "फोनवर लोक तुम्हाला काय काय विचारतात?" त्यांनी सांगितलं ते सगळं लिहून काढलं. कोणत्या धातूचं काम होतं, किती लहान मापापर्यंत होतं, किती दिवसांत मिळतं. काही महिन्यांनी थेट कोइमतूरहून विचारणा आली. मालकांनी पेढे पाठवले. हलाल कमाईचं समाधान काय असतं ते त्या दिवशी कळलं.

या कामाला 'एसईओ' म्हणतात. माणूस गुगलवर काही शोधतो तेव्हा आपलं पान वरच्या ओळींत दिसावं अशी त्याची मांडणी करायची. लोक नेमके कोणते शब्द टाइप करतात ते पाहायचं, त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, पान लवकर उघडेल असं पाहायचं, दुसऱ्या वेबसाइट आपल्या पानाचा दुवा देतील असं काही लिहायचं. गुगलचं यंत्र अब्जावधी पानं वाचून ठेवतं आणि अशा अनेक खुणांवरून त्यांचा क्रम लावतं. त्याच्याही वर 'स्पॉन्सर्ड' असं बारीक अक्षरांत लिहिलेल्या ओळी असतात, त्या तर पैसे मोजून घेतलेल्या जाहिराती.

पुढे एका टूर कंपनीचं काम आलं. उमराहच्या पॅकेजचं पान लिहायचं होतं. आलेल्या माहितीत एक ओळ होती, 'हॉटेल हरम शरीफपासून चालत ५ मिनिटांवर'. मी हॉटेलचं नाव विचारलं. उत्तर आलं, "हॉटेल बदलत राहतं मॅडम, तुम्ही लिहा." मी लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, शीर्षकात घेतलं. वयस्कर माणसांसाठी लोक हेच शोधतात, हे मला ठाऊक होतं. पान पहिल्या पाचांत आलं. कंपनी खूश झाली, मीही झाले.

सात-आठ महिन्यांनी माझे खाला आणि खालू उमराह करून आले. खालूंनी इथल्याच एका कारखान्यात आयुष्य काढलं, निवृत्तीच्या पैशांतून हा प्रवास केला. त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही भेटायला गेलो. खजूर आणि झमझम हातात ठेवून खाला मदीनेच्या गोष्टी सांगत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मक्केत मात्र यांचे हाल झाले बेटा. हॉटेल लांब, चढावर. बस दिवसातून दोनदा. कितीतरी नमाजा यांनी खोलीतच पढल्या. मोबाईलवर तर पाच मिनिटं लिहिलं होतं गं."

त्यांनी मोबाईल दाखवला. पान माझं होतं. शब्दन् शब्द माझा.

त्या दिवशी मी काही बोलू शकले नाही. रात्रभर झोप आली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतून ओल लागते, तो प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. पावसानं भिजलं, असं विक्रेता सांगतो. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं ते त्याला विचारतात. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मी त्या विक्रेत्याला दुसराच कुणीतरी समजत आले होते. वरचं कोरडं धान्य रचून देणारे हात माझे असतील असं कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी खालांकडे पुन्हा गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "तू तिथं गेली होतीस का?"

"नाही, खाला."

"मग ती पाच मिनिटं कुणाची होती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कंपनीला ओळ बदलायला सांगितलं, त्यांनी टाळाटाळ केली. मी काम सोडलं. दर महिन्याची ठरलेली रक्कम गेली, त्याची ओढाताण घरात जाणवली. पान मात्र अजून तिथंच आहे. शब्द एकदा विकले की परत मागता येत नाहीत.

फसवणूक इंटरनेटनं आणली असंही नाही. जहाजाच्या काळात मुंबईच्या बंदरात हाजींना तिकिटं विकणारे दलाल इतके माजले होते की १८८६ साली सरकारनं ते काम थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे सोपवलं. १८९३ मध्ये ती व्यवस्थाही संपली. तेव्हाचा दलाल निदान समोर उभा असायचा, त्याच्या डोळ्यांत पाहता यायचं. आता त्याच्या जागी एक नीटनेटकं पान असतं, आणि ते लिहिणारी बाई पिरंगुटमध्ये भाजीला फोडणी देत असते.

म्हणून बहिणींनो, आतल्या माणसाच्या नात्यानं चार गोष्टी सांगते. पान वर दिसतं म्हणजे ते शोधाला जुळतं किंवा जाहिरातीचे पैसे भरलेले आहेत, एवढंच समजा. यंत्र मक्केत जाऊन पावलं मोजत नाही. पत्त्याशेजारचं कुलूप दिसलं तर तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही इतकीच त्याची हमी, मालक सच्चा असल्याची नाही. हॉटेलचं नाव लेखी घ्या आणि नकाशावर स्वतः चालण्याचं अंतर बघा. 'किंवा तत्सम हॉटेल' असं लिहिलं असेल तर तत्सम म्हणजे कोणतं ते विचारा. बसच्या वेळा आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील तेही लिहून घ्या. पैसे कंपनीच्याच खात्यात भरा आणि पावती घ्या. हज कमिटी ऑफ इंडिया हजची व्यवस्था पाहते, उमराहची नाही, तेव्हा तिच्या नावावर कुणी उमराह विकत असेल तर सावध व्हा. हजच्या खासगी कंपन्यांची नोंदणी अल्पसंख्याक मंत्रालयाकडे असते, यादी तिथे पाहा. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा. आणि सगळ्यात आधी, जाऊन आलेल्या दोन माणसांशी बोला.

मी अजून हेच काम करते. पण आता अंतर लिहायची वेळ आली की हॉटेलचं नाव मिळाल्याशिवाय लिहीत नाही. 'गुडघे दुखणाऱ्यांना चढ जड जाईल' हेही लिहिते. अशी पानं कधीकधी मागे राहतात आणि एखादं गिऱ्हाईक सोडून जातं.

मागच्या महिन्यात खालांचा फोन आला. त्यांच्या धाकट्या नणंदेला उमराहला जायचं आहे. म्हणाल्या, "तू बघून दे गं. तुला त्यांची भाषा कळते." मी तीन कंपन्यांना फोन केले. दोघांनी हॉटेलचं नाव सांगायचं टाळलं. तिसऱ्यानं नाव सांगितलं आणि म्हणाला, "चालत पंधरा मिनिटं, आणि परत येताना चढ आहे." मी त्याचा नंबर खालांना पाठवला.