गावाची उत्तरपत्रिका

मराठीच्या प्राध्यापकाने पाणलोटाच्या गोष्टी कराव्यात, हे काहींना अजब वाटेल. पण 'मूल्यमापन' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसणारा माणूस मी! विद्यार्थ्याने तीन तासांत काय लिहिले, एवढेच मला कळते. दहा वर्षांनी त्यातले काय उरले, याचा रकाना गुणपत्रिकेत नसतो.

परदेशी मदतीच्या प्रकल्पांचेही असेच होते. १९९०च्या दशकात महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मनीचा, कारभार नाबार्डमार्फत आणि प्रेरणा फादर हर्मन बाकर यांची. अट मोठी मार्मिक होती. आधी गावाने श्रमदान करून दाखवावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, मग निधी! माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणले गेले, बांध पडले, झाडे लागली.

वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने २००२ साली महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील ८६ गावांच्या पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा कार्यक्रम होता, तशाच सरकारी योजनाही होत्या. लोकसहभागाचे प्रकल्प नुसत्या तांत्रिक प्रकल्पांहून सरस ठरले. सहभागाला तंत्राची जोड मिळाली, तिथे तर अधिकच. पण त्याच अभ्यासात आणखी एक नोंद आहे. कुरणे बंद झाल्याची झळ अनेक ठिकाणी भूमिहीनांना आणि मेंढपाळांना बसली.

त्या नोंदीचा अर्थ मला नगरकडच्या एका खेड्यात कळला. तिथल्या हिरव्या डोंगराचे मी तोंड भरून कौतुक करीत होतो. जवळच बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, हिरीला पानी आलं, खोटं कशाला बोलू? पर हीर हाय कुनाची? आमची हीर म्हंजी शेरडं. डोंगर बंद झाला आन् इकून टाकली."

यावर मी काय बोलणार? डोंगर हिरवा झाला होता, हेही खरे; आणि त्या हिरवाईची किंमत जिने आधी मोजली, तिच्या वाट्याला पाणी आले नव्हते, हेही खरे.

तेव्हापासून मला वाटते, प्रकल्पाची परीक्षा समारोपाच्या सभेत घेऊच नये. देणारे परतल्यावर पाचदहा पावसाळे जाऊ द्यावेत. मग परीक्षकाने गावात जाऊन बघावे : बांधातला गाळ कोण काढतो? त्यासाठी पैसा कुठून येतो? बंदी अजून कोण पाळतो? आणि हे विचारण्यासाठी पहिले दार ठोठवावे, ते शेरडे विकलेल्या घराचे. बागाईतदाराकडचा चहा नंतर घेता येईल!