ब्लँकेट वाटून झाले, आता अष्टाचंगा मांडा

थंडी पडली की आपल्याकडे वृद्धाश्रमात ब्लँकेट वाटायला रांग लागते. चांगलंच आहे. पण मंडळी, फोटो काढून आपण निघतो. मग नाश्ता ते जेवण, जेवण ते झोप, एवढा मोठा दिवस या बुढ्या माणसांनी काढायचा कसा?

हे मी मनानं नाही बोलत. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याचं कलम १९ वाचा. जिल्ह्याला किमान एक, १५० निराधार ज्येष्ठांचा वृद्धाश्रम, आणि तिथल्या सेवांत उपचारासोबत मनोरंजनही धरलंय. म्हणजे खेळ हे काही आपले उपकार नाहीत.

आणि खर्च किती? खडूनं पट आखा, चार चिंचोके फोडा, झाला अष्टाचंगा. चारही पांढरे पडले की चंग, चारही काळे की अष्टा. आजीच तुम्हाला हरवेल! खुर्चीत बसून रिकाम्या बाटल्यांवर चेंडू मारता येतो, बादलीत रिंग टाकता येते. संगीत खुर्ची तेवढी नको. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस खाटेला खिळतो. पहाटेच्या गारठ्यातही नको, ऊन चांगलं तापल्यावर बसवा.

आर्णी तालुक्यात उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. तिथं विचारून जा, नाहीतर आपल्याच गावच्या पारावर पट मांडा. यंदा संक्रांतीला तीळगुळासोबत दोन तास द्या. आणि हो, मुद्दाम हरू नका. त्यांना कळतं.