पाठकोऱ्या कागदांवर

१.
प्रस्तावाच्या कच्च्या खर्ड्यातले पहिले वाक्य: 'अध्ययनात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे.' ते खोडले. त्या जागी लिहिले: 'तिसरी ते पाचवीतल्या अकरा मुलांना जोडाक्षर नसलेले साधे वाक्य वाचता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते यावे.'
मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "फारच लहान दिसतंय हो हे."
लहान आहे. पण झाले की नाही, हे सुट्टी लागायच्या दिवशी कळेल. सर्वांगीण विकास झाला की नाही, हे कोणत्या दिवशी कळणार?

२.
शाळा जिल्हा परिषदेची, पाचवीपर्यंत. पट साठच्या आत, शिक्षक दोन. एक बाई, एक सर. प्रस्ताव लिहिताना मी सोबतीला.

३.
चौथीतला मुलगा. पानावर शेळीचे मोठे चित्र, खाली वाक्य: 'बोकड पाला खातो.' त्याने धडाधड वाचले, 'शेळी पाला खाते.' कर्ता बदलला, क्रियापदही बरोबर बदलले. बाईंनी चित्रावर हात ठेवला. आता बोट पहिल्या अक्षरावर गेले. ब. क. ड. ओकार कुठे गेला? त्याला तो दिसतच नाही. अक्षरे ओळखतो, स्वरचिन्हे गळतात, आणि तीन सुटी अक्षरे जोडून शब्द होतो हे अजून हाती लागलेले नाही.
याच मुलाच्या नावापुढे गेल्या वर्षी 'वाचन: समाधानकारक' अशी नोंद आहे. चित्रावर हात कोणी ठेवलाच नव्हता.

४.
४२ वजा १७. वर्गातल्या चार मुलांचे उत्तर ३५.
चौघांनी एकमेकांचे पाहिलेले नाही. सातातून दोन गेले, राहिले पाच. चारातून एक गेला, राहिले तीन. मोठ्यातून लहान काढायचे, हा नियम त्यांनी इमानदारीने पाळला आहे. लाल फुलीने त्यांना एवढेच कळते की चुकले. काय चुकले ते कळत नाही.
सरांनी काड्या काढल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे, दोन सुट्या. "यातून सतरा मला दे." मुलीने एक गठ्ठा दिला, मग सुट्या दोन दिल्या आणि थांबली. बराच वेळ गठ्ठ्यांकडे पाहत राहिली. मग एकाचे रबर स्वतःहून सोडले.
प्रस्तावात साहित्याच्या रकान्यात आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड लिहिले आहेत. ते खोडू नयेत.

५.
'जादा सराव घेणे.' जे येतच नाही त्याचा सराव कसा घ्यायचा?

६.
तपासायला काय लागते? एक कागद. अक्षरे, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद, एक छोटी गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून काही मिनिटे. 'प्रथम' ही संस्था मुंबईत १९९५ मध्ये सुरू झाली. तिच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर'ची पाहणी गावोगाव अशाच कागदावर चालते, तीही शाळेत नव्हे, मुलांच्या घरी जाऊन. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतली किती मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली? २०२२ मध्ये १६.३ टक्के, २०२४ मध्ये २३.४ टक्के.
वाढ खरी आहे. तिसरीच्या बाकावर बसलेल्या चारातल्या तिघांना दुसरीचे वाचता येत नाही आणि पुढे तिसरीचे पुस्तक उघडे आहे, हेही खरे आहे.

७.
शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम २४ सांगते की शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि गरज असेल तर त्याला जादा शिकवावे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण निम्म्या स्त्रिया. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा.
आराखड्यात होते: कंपाउंड, रंगरंगोटी, पंखे, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार. दार तातडीचेच आहे.
बैठकीत एक आई शेवटी बोलली. "गुरुजी, माझ्या पोरीला यष्टीची पाटी वाचता येत न्हाई. ते यात कुठं लिवायचं?"
तिचे वाक्य 'गरजेचे समर्थन' या मथळ्याखाली जसेच्या तसे घातले आहे. यापेक्षा चांगले समर्थन मला लिहिता आले नसते.

८.
पैसे. समग्र शिक्षामधून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००. त्यात खडू, वीजबिल, दुरुस्ती, सगळे आले. तरी या अकरा मुलांसाठी जे लागते, गोष्टीची पातळ पुस्तके, कार्डशीट, झेरॉक्स, काड्या, ते त्यात बसते.
बसत नाही तो तास. रोजचा एक तास, ज्यात कोणी लिंक भरायला सांगणार नाही, माहिती मागणार नाही, मीटिंगला बोलावणार नाही. अंदाजपत्रकात वेळेला रकाना नाही. आम्ही हाताने एक आखला.

९.
हा तास कुठून काढायचा यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. खेळाचा तास सर्वांना आधी सुचतो. माझा त्याला ठाम विरोध आहे. यादीतली एक मुलगी कबड्डीत पाचवीच्या मुलांना लोळवते. दिवसातली तिच्या हक्काची जिंकण्याची जागा तेवढीच. ती काढून तिथे बाराखडी ठेवली, तर बाराखडीचा तिला राग येईल आणि तो रास्त असेल.
शाळा सुटल्यावरही नको. वाडीवरची मुले ओढा ओलांडून जातात.
शेवटी ठरले: परिपाठानंतरचा पहिला तास, सगळ्या शाळेचा. दुसरी ते पाचवीच्या मुलांनी त्या तासापुरत्या इयत्ता सोडायच्या आणि ज्याला जे येते त्याच्या पुढच्या पायरीच्या गटात बसायचे. पहिली बाईंच्या गटाशेजारी.

१०.
गटांना नावे दिली: मोगरा, जाई, गुलाब. कोणता गट 'कच्चा', हे मुलांना दुसऱ्या दिवशी माहीत होते.
पाचवीतला एक मुलगा तिसरीच्या मुलांबरोबर बसायला तयार होईना. पाठ फिरवून बसला. सरांनी त्याला आठ पानांचे एक पुस्तक दिले आणि सांगितले, शनिवारी पहिलीच्या पोरांना तू हे वाचून दाखवायचेस. तो घरी घेऊन गेला. मधल्या सुट्टीत शब्द विचारायला यायला लागला, तोही दुसरे कोणी नसताना. शनिवारी त्याने दोन ठिकाणी अडखळून सगळे वाचले. पहिलीतली पोरे म्हणाली, "परत."
गटांची नावे आता काढून टाकली आहेत.

११.
बालसखी. मुंबई आणि वडोदरा, या शतकाच्या सुरुवातीची वर्षे. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले, रोज सुमारे दोन तास, आणि शिकवणारी त्याच वस्तीतली, शाळा पूर्ण केलेली एखादी तरुणी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपक्रम मोजला. निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. गुण वाढले, आणि सर्वांत तळाला असलेल्यांचे जास्त वाढले. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.
त्याच अभ्यासात हेही आहे: उपक्रम संपल्यावर वर्षभराने वाढीचा बराच भाग ओसरला होता.
म्हणून प्रस्तावात शेवटचा मुद्दा घातला: 'मार्चनंतर काय.' त्याखाली अजून दोनच ओळी आहेत. दोन्ही पुरेशा नाहीत.

१२.
फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी दाखवून दिले ते इथे उपयोगी पडते. क पासून ज्ञ पर्यंत रांगेने जायचे नाही. थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घ्यायचे, की लगेच शब्द होतात आणि शब्दांचे वाक्य. बाईंनी फळ्यावर क, म, र, ल आणि काना एवढेच ठेवले. मुलांनी काढलेले शब्द: काम, माल, कमाल, राम, लाल, मला, कमरा. मग एकाने लिहिले, 'मला काम.' त्याला अजून पुष्कळ लिहायचे होते, अक्षरे संपली. दुसऱ्या दिवशी त्यानेच 'द' मागितला.

१३.
त्रेपन्न लिही म्हटले की मूल आधी ३ लिहिते. ऐकू तेच आधी येते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असेही दिले, तेव्हा केवढे वादळ उठले होते. वाद घालणाऱ्यांपैकी किती जण ३५ आणि ५३ यांत घुटमळणाऱ्या मुलाशेजारी बसले होते, हे विचारावेसे वाटते. आमच्या प्रस्तावात दोन्ही रीती आहेत.

१४.
मागच्या रांगेतली मुलगी फळ्यावरचे उतरवत नाही, शेजारणीच्या वहीतले उतरवते. 'कॉपी करते' अशी तक्रार. तिला फळा दिसतच नव्हता.
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. त्याचे पथक शाळांत तपासणीला येते. पथकाची तारीख आणि आमच्या वाचन चाचणीची तारीख यांचा काही संबंध नव्हता. आता कृती आराखड्यात पहिली ओळ डोळे-कान, दुसरी वाचन.

१५.
'डिस्लेक्सिया असेल.' हे शिक्षकाने म्हणू नये, मीही म्हणू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि तिचे निदान ठरवून दिलेल्या रुग्णालयातच होते. ज्याला खरोखर ती अडचण आहे त्याला तिथवर नेणे हे शाळेचे काम. ज्याला कोणी नीट शिकवलेच नाही, त्याला ते नाव चिकटवणे हा अन्याय.

१६.
मेळघाटातल्या एका शिक्षकाने सांगितलेले: वर्गात तोंड न उघडणारा मुलगा घरी कोरकूत गोष्टी सांगतो, बाजारात हिंदीत भाव करतो. तिसरी भाषा फळ्यावर असते, आणि प्रगतिपुस्तक तेवढीच मोजते.

१७.
नियोजन असे होते: पहिली चाचणी जुलैत, दुसरी नोव्हेंबरात, तिसरी मार्चमध्ये.
दसऱ्याच्या आसपास मुकादमाची गाडी येते. अकरातले दोघे आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा गावात उन्हाळा असतो. मार्चच्या तक्त्यात ते 'गैरहजर', आणि ते नसल्याने शाळेची टक्केवारी वाढते.
बदल: त्यांची दुसरी चाचणी जायच्या आधी. जाताना पिशवीत पाच पुस्तके, एक वही, पेन्सिली. आजी मागे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून तिच्याजवळ मुलाची सोय होते का, याची विचारणा सप्टेंबरमध्ये, दसऱ्यानंतर नव्हे. आणि निकाल काढताना भागाकार अकरानेच करायचा.

१८.
'सर नसतील तेव्हा तास कोण घेणार?' हा प्रश्न बाईंचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचे नाही. अपवाद जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. द्विशिक्षकी शाळेत तेवढ्या अपवादांनीही शाळा एकशिक्षकी होते. गावातल्या बारावी झालेल्या एका मुलीचे नाव पुढे आले. तिला मानधन किती आणि कुठून, हे समितीने ठरवावे. फुकट राबवू नये असे मी लिहून दिले आहे.

१९.
'अपेक्षित फलनिष्पत्ती: १०० टक्के.' सगळेच लिहितात, म्हणून शाळेनेही लिहिले होते. तिथे आता 'अकरापैकी आठ' आहे. बाईंना धास्ती होती की वरचे लोक नाराज होतील.
विस्तार अधिकाऱ्यांनी प्रस्ताव उभ्या उभ्या चाळला. त्या ओळीशी थांबले, खुर्ची ओढून बसले. "बाकीचे तिघं कोण? त्यांचं काय करणार?"
१०० टक्के लिहिले असते तर हा प्रश्न निघालाच नसता. तिघांची वेगळी पाने बाईंकडे तयार होती. बोकडवाला त्यांतला एक.

२०.
शिकायला वेळ लागणाऱ्या मुलांच्या पालकांना शाळेत बोलावणे जाते ते तक्रारीसाठी. या वेळी निरोप असा धाडला: 'तुमच्या मुलाने काल एक वाक्य वाचले. येऊन ऐका.' दोन वडील कामाचा खाडा करून आले.

२१.
प्रत्येक मुलाचे वहीत एक पान. तारीख, काय वाचले, कुठे अडले, कोण जवळ होते. गुण नाहीत.
मे महिन्यात बदल्या होतात. नवे सर जूनमध्ये येतील आणि परत अक्षरांपासून चाचणी घेतील. तेव्हा ही वही शिक्षकाच्या पिशवीत नको. पाने क्रमांक टाकून शाळेच्या दप्तरात नोंदवायची, आणि कार्यभार देताना-घेताना ज्या वस्तूंवर सह्या होतात, त्या यादीत कपाटाच्या किल्लीच्या खाली तिचे नाव घालायचे. समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव.