फळांचे कारस्थान

माझे घर सांगलीचे आणि आजोळ साताऱ्याचे. त्यामुळे एका थोर वैराचा मी साक्षीदार आहे. हे वैर द्राक्षांचे आणि स्ट्रॉबेरीचे! तासगावचे काका शपथेवर सांगतात, की महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीच्या अंगावरचे ठिपके म्हणजे हेरांचे डोळे होत. सभ्य फळ आपल्या बिया पोटात ठेवते! यावर मामा तत्काळ विचारतात, "मग तुमच्या द्राक्षांतल्या बिया गेल्या कुठे? पुरावाच नाहीसा केलात की!" बेदाणे तर त्यांच्या मते तोंड उघडू नये म्हणून सुकवलेले साक्षीदार!

सरकारदरबारी दोघांचाही मान राहिला. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आणि २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वनस्पतिशास्त्र मात्र इतके भिडस्त नाही. फुलातील एकाच अंडाशयापासून झालेले, गराचे फळ म्हणजे मृदुफळ. द्राक्ष या कसोटीस उतरते. स्ट्रॉबेरीचा लाल गर हा फुलाचा फुगलेला तळ असतो. खरी फळे म्हणजे ते ठिपकेच! हे ऐकून काकांनी पेढे वाटले, तेही साताऱ्याचे कंदी.

डोंगरउतारावरच्या काटेरी जाळीतले करवंद या भांडणात कधी पडत नाही. तेही अस्सल मृदुफळ; पण त्याला ना बाग, ना वकील. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, एवढाच काय तो आम्हां मुलांचा वाद. वैशाखात पानांच्या द्रोणातून ते विकणाऱ्या बाईच्या हातांवर ओरखडे असतात. काका आणि मामा मिळून तिच्याशी रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. तेवढ्यापुरते त्यांचे वैर मिटलेले असते.