लाल शाई आणि दहावं लेणं

आमची शाळा अजिंठा लेण्यांलगतच्या फर्दापूरजवळ. त्यामुळे नववीला 'पर्यटकांनी कसं वागावं' असा इंग्रजी निबंध दिला, की निम्म्या वह्यांत अजिंठा येतोच. यंदा एका मुलीच्या वहीनं मला बराच वेळ बसवून ठेवलं. तिचे वडील लेण्यांकडे जाणाऱ्या फाट्यावर, टी-पॉइंटवर, रंगीत दगड विकतात. पर्यटक ती रोज बघते.

'पीपल इज थ्रोइंग बॉटल्स.' पीपलला शेवटी 'एस' नाही, म्हणून तिनं एकवचन धरलेलं. 'इज'चं 'आर' केलं. 'शुड नॉट टच्ड'मधलं शेपूट काढलं. 'अँगर केम टू मी' वाचून जरा थबकलो. मराठीत राग आपल्याला येतो, इंग्रजीत आपणच रागावलेले असतो. वर 'आय फेल्ट अँग्री' लिहिलं.

पुढे होतं, 'जॉन स्मिथ हॅज स्क्रॅच्ड हिज नेम इन 1819.'

हा स्मिथ म्हणजे शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी. त्यानं दहाव्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा आत ढिगारा साचलेला होता, त्यावर तो उभा होता. म्हणून आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर सापडतं. अजिंठ्याचा शोध लावणारा म्हणून त्याचं नाव घेतात. चित्र खरवडणारा म्हणूनही घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

'हॅज' खोडलं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली.

"सर, हे का कापलं?"

"अगं, साल दिलंस ना? मग साधा भूतकाळ. काम तिथंच संपलं."

"पण सर, नाव अजून आहे की तिथं. आपण म्हणतोच ना, त्यानं 1819 साली नाव कोरलंय?"

म्हणतो खरं. मराठीत साल सांगूनही 'कोरलंय' चालतं, आणि त्या 'य'मध्ये खांबावरचा ओरखडा शिल्लक राहतो. पोरीची चूक आळसातून आली नव्हती, ती मराठीतून सरळ उतरली होती. नियम मात्र मला सोडता येईना. परीक्षेत तिचा गुण गेला असता. म्हटलं, एका वाक्यात मावत नसेल तर दोन कर.

तिनं तिथंच उभ्या उभ्या लिहिलं: 'ही स्क्रॅच्ड हिज नेम इन 1819. इट इज स्टिल देअर.'

दोन्ही वाक्यं बरोबर होती.