लाल नमद्याची टोपी

माझ्या शाळेतील एक गुरुजी नेहमी म्हणतात, "माणसाच्या कपड्यांत टोपीइतकी निरुपयोगी वस्तू नाही. थंडीत कान उघडे, उन्हात डोळे उघडे!" सगळ्याच टोप्यांना त्यांचे म्हणणे लागू नाही. पण मला ज्या टोपीचा शौक आहे, तिला मात्र ते पुरेपूर लागू पडते. ती म्हणजे रूमी टोपी. कोणी तिला तुर्की टोपी म्हणतात, कोणी फेज. उपडा ठेवलेला पेला असावा तसा आकार, गडद लाल रंग आणि माथ्यावरून लोंबणारा काळा गोंडा. तिला ना कड, ना कानपट्टी. आमच्या भंडाऱ्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात लोकरीची ही टोपी घालून बाजारात जाणाऱ्याला लोकांनी वेडा म्हटले, तर चूक लोकांची नव्हे. म्हणून मी ती हिवाळ्यात, ईदला आणि लग्नकार्यात घालतो. हौस भागायला तेवढे पुरते.

ही टोपी ज्या कापडाची असते, ते मागावर विणलेले नसते. मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू डोळ्यांना गुळगुळीत दिसतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले दिसतात. लोकर कोमट पाण्यात साबण घालून भिजवली आणि खूप चोळली, दाबली, की हे खवले एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. लोकर आटते, घट्ट होते आणि तिचे जाड कापड बनते. यालाच नमदा म्हणतात. काश्मीरचे आणि राजस्थानातील टोंकचे नमदे प्रसिद्ध आहेत. जुन्या मराठीत अशा लोकरीच्या घोंगडीला बुरणूस म्हणत. ट्युनिस शहरातील कारागीर आजही लोकरीची टोपी आधी डोक्याच्या कितीतरी पट मोठी विणतात आणि मग पाण्यात चोळून चोळून ती डोक्याएवढी करतात. मला हे फार आवडते. आपण कापड कापून टोपी लहान करतो. ते लोक टोपीलाच लहान व्हायला लावतात.

मोरोक्कोमधील फेस या शहरावरून या टोपीला फेज हे नाव पडले. तुर्कस्तानच्या सुलतान महमूद दुसरा याने १८२९ साली आपल्या अधिकाऱ्यांना पगडी सोडून ही टोपी घालण्याचा हुकूम केला. तिला कड नसल्यामुळे सजद्यात कपाळ जमिनीला टेकते. ती लोकांच्या पसंतीस उतरण्याचे हेही एक कारण होते. पुढे गंमत अशी झाली की, तुर्कांच्या डोक्यावरील पुष्कळशा टोप्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील कारखान्यांत बनू लागल्या. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्यास जोडला, तेव्हा तुर्कांनी संतापून त्या टोप्यांवर बहिष्कार घातला. अखेर १९२५ साली मुस्तफा कमाल पाशाच्या सरकारने कायदा करून फेजवर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र ती टिकून राहिली. सर सय्यद अहमद खान यांचे चित्र तुम्ही पाहिलेच असेल. त्यांच्या डोक्यावर हीच टोपी आहे. अलीगढच्या विद्यार्थ्यांनी ती घातली, आणि हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कितीतरी छायाचित्रांतही ती दिसते. तिच्या स्वतःच्या देशाने तिला हाकलले आणि आपण तिला ठेवून घेतले.

आमच्या घरी ही टोपी माझ्या आजोबांनी आणली. आम्ही त्यांना दादाजान म्हणत असू. ते तेंदूपानाच्या एका ठेकेदाराकडे मुनशी होते. निकाहासाठी त्यांनी ती हैदराबादहून मागवली होती. ईदच्या सकाळी ते ती मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडत आणि बोटांनी गोंडा विंचरत. त्यांच्यानंतर टोपी पत्र्याच्या पेटीत गेली. शेरवानी, निकाहनामा आणि काही पत्रेही त्याच पेटीत होती.

आमचे जुने घर भंडारा शहरात, नदीकडच्या सखल वस्तीत आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. आम्ही माणसे वेळेवर बाहेर पडलो. पेटी पडली जड. ती मागेच राहिली. पाणी ओसरल्यावर अब्बांनी ती उघडली, तेव्हा आत गाळ होता. निकाहनाम्याची शाई पसरली होती. शेरवानीच्या अस्तरावर लाल डाग पडले होते आणि टोपी पावसात भिजलेल्या पावासारखी खाली बसली होती. अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पत्रे एकेक करून खाटेवर वाळत घातली. टोपी मी घेतली. थंड पाण्यात हलकेच बुडवून गाळ काढला आणि ती सावलीत ठेवली. गरम पाणी मुद्दाम वापरले नाही. गरम पाणी आणि चोळणे यांनीच नमदा बनतो. तेच पुन्हा केले असते तर टोपी आणखी आटली असती.

ती वाळली, पण उभी राहिली नाही.

पुढे हैदराबादला एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो, तेव्हा टोपी बरोबर नेली. चारमिनारच्या परिसरात एक वृद्ध टोपीवाले बसतात. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, आतील चामड्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माल अस्सल है, मास्टरसाब. मगर इस नाप का कालिब मेरे पास नहीं." उर्दूत आपण ज्याला कालिब म्हणतो, त्याला मराठीत साचा म्हणतात. जोडे शिवणाऱ्यांचा साचा असतो, त्याला कालबूत असा शब्द आहे. कालिब आणि कालबूत किती जवळचे वाटतात, पाहा! रूमी टोपी वाफेने मऊ करून पितळेच्या गरम साच्यावर बसवावी लागते. तरच तिचा आकार परत येतो.

त्यांच्याकडून मी माझ्या डोक्याच्या मापाची एक नवी टोपी करून घेतली. आयुष्यात प्रथमच कोणी माझ्या डोक्याचे माप घेतले. एकदा कपाळावरून गोल आणि एकदा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. "आपका सर बायीं तरफ से जरा चपटा है," ते म्हणाले. छत्तीस वर्षे मला हे कोणी सांगितले नव्हते. तयार टोपी कधी कपाळावर घसरते, कधी कानाजवळ टोचते. ही मात्र घातली की घातल्याचे लक्षातही येत नाही. आत खजुराच्या पात्यांची चटई, वर लाल नमदा. नखाने टिचकी मारली की 'टक्' असा भरीव आवाज येतो. रिकाम्या वेळी मी तशी टिचकी मारून पाहतो, हे बायकोला मुळीच पसंत नाही.

परंतु दादाजानची टोपी तशीच होती. साचा कुठे मिळेल, म्हणून मी बरेच दिवस चौकशी करीत होतो. मग मनात आले, आपले गाव पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते आणि आपण पितळेचा साचा दुसऱ्या गावात शोधतो आहोत! आमच्या बाजारात एक कारागीर आहेत. साठीच्या पुढचे. गुंड, गंज, लोटे घडवतात. सगळे त्यांना काका म्हणतात. मी त्यांच्यापुढे टोपी ठेवली आणि सारे सांगितले.

"मास्तर, लोक दुसऱ्याले टोपी घालतात. तुम्ही पितळेले टोपी घालाले निघाले!" असे म्हणून काका मोठ्याने हसले. मग त्यांनी टोपी डोळ्यांसमोर धरली. "काठ नाही याले. हा तर उपडा गंजच हाय. पन वर निमुळता. उंची किती होती?"

उंची कोणालाच नक्की माहीत नव्हती. शेवटी अब्बांनी दादाजानचा एक जुना फोटो दिला. तो पेटीत नव्हता, भिंतीवर होता, म्हणून वाचला. काकांनी फोटोतील टोपी आणि चेहरा दोऱ्याने मोजले, जमिनीवर खडूने आकृती काढली आणि मान डोलावली. आमच्या घरी दादीचा एक तडकलेला गुंड होता. तो त्यांनी मोडीत घेतला आणि आमच्याकडून फक्त घडणावळ घेतली. पंधरा दिवसांनी साचा तयार झाला. आतून पोकळ, बाहेरून आरशासारखा.

काकांच्याच दुकानात आम्ही टोपी चढवली. शेगडीवर पाणी उकळत ठेवून तिला वाफ दिली. साच्यात कढत पाणी ओतले, टोपी त्यावर ओढून बसवली, वरून ओले फडके गुंडाळले आणि काकांनी त्यावरून कोमट इस्त्री फिरवली. मला वाटले होते, टोपी जोराने दाबावी लागेल. काका मात्र तान्ह्या मुलाचे डोके चोळावे तसे तिला चोळत होते. साचा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी टोपी काढली, तेव्हा ती उभी होती. मागच्या बाजूला एक वळी राहिली आहे, आणि फोटोतल्यापेक्षा ती बोटभर ठेंगणी झाली आहे. आतील पट्टीवरचा घामाचा काळसर डाग पुरातही गेला नाही. तो मी पुसला नाही.

अब्बा ती आता ईदला घालतात. त्यांचे डोके दादाजानच्या डोक्यापेक्षा लहान आहे, म्हणून पट्टीच्या आत कागदाची घडी ठेवावी लागते. नमाज संपली की ते टोपी माझ्याकडे देतात आणि मी ती साच्यावर चढवून ठेवतो. साच्याची बातमी मात्र बाहेर पसरली आहे. तुमसरच्या एका गृहस्थांनी आपल्या वडिलांची टोपी माझ्याकडे आणून दिली, ती याच साच्यावर नीट बसली. पवनीहून दुसरी आली, ती बसेना. तिच्या मालकाचे डोके पाऊण इंचाने मोठे होते. काकांनी त्या मापाचा दुसरा साचा घडवायला घेतला आहे. या वेळी मोडीत एक जुने गंगाळ आले आहे.